शकूच्या डोळ्यातला ठिपका

लातूरहून लेकीचा फोन आला तेव्हा मी इथे नांदेडला चहाचं आधण ठेवत होतो. आठ दिवसांसाठी म्हणून लेकीकडे गेलेली शकू, माझी बायको, सकाळी झोपेतच गेली होती. फोन ठेवल्यावर पाहिलं, तर आधण दोन कपांचं होतं... सवय.

त्याला दीड महिना झाला. भेटायला येणारे तिच्या हातच्या चवीबद्दल बोलतात. मला आठवतो तो तिचा उजवा डोळा. बारा-चौदा वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढून त्यात कृत्रिम भिंग बसवलं होतं. पट्टी निघाल्यावर बाईसाहेबांनी आधी मलाच न्याहाळलं. "अगं बाई, लई म्हातारे झालात की हो तुम्ही! मला कुणी सांगितलं बी न्हाई." अख्खा वॉर्ड हसला. काही वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं, तेव्हा मात्र ती उदगीरला माहेरीसुद्धा जाईना. "आतलं भिंग नासलं बघा," म्हणून गुपचूप रडायची. डॉक्टर म्हणाले, भिंग उत्तम आहे, त्याच्यामागच्या पातळ पापुद्र्यावर साय धरलीय. लेझरने ते काम काही मिनिटांत झालं आणि येताना रिक्षात तिने दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचून मला भंडावून सोडलं. "मी सरेन, पण ह्ये भिंग न्हाई सरायचं," म्हणायची. खरंच, त्याने शेवटपर्यंत दगा दिला नाही.

त्या भिंगाची एक खूण होती. तिरपा उजेड पडला की बाहुलीत एक ठिपका चमकायचा. तिन्हीसांजेला ती देवापुढे दिवा लावायची, मी काही विचारलं की मान वळवायची आणि ठिपका चमकायचा. तेवढ्यासाठीच मी काहीबाही विचारत असे. "देवाचं करू द्या की हो," ती वैतागायची.

लेकीने मोबाइलवर काढलेला तिचा फोटो मी मोठा करायला दिला. स्टुडिओवाला कौतुकाने म्हणाला, "काका, डोळ्यात पांढरं आलतं, काढून टाकलं. कसं भारी दिसून राहिलं!" "होतं तसं करा," एवढंच म्हणालो. बिचाऱ्याने पुन्हा करून दिला.

फोटो आता देवघराशेजारी आहे. दिवा मीच लावतो. घर खायला उठतं, त्या वेळी तर फारच. मग मी फोटोतल्या तिला उगाच काहीतरी विचारतो, खुर्ची इकडची तिकडे सरकवून बघतो... ठिपका चमकतच असतो. मी बोललो तरी, न बोललो तरी.