तानीच्या नावाची टपालपेटी

"हिराला उत्तरं लिहायला देऊ नको गं. तिचं मोठं व्हायचं संपलं की! लग्न झालंय."

हे शकिला पद्माला म्हणाली, पाण्याच्या टाकीच्या पलीकडं. अलीकडं मी डबा धूत होते. हिरा म्हणजे मीच. तो डबा मी त्या दिवशी दोनदा धुतला.

कमी बोलणाऱ्या माणसाकडं किस्से फार साठतात. बोलणाऱ्यांचे बोलून संपतात, आपले तसेच राहतात. हे सगळे सोलापूरच्या आमच्या कॉलेजातले, एका पुठ्ठ्याच्या पेटीभोवतीचे. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते आणि माझं लग्न होऊन चार महिने.

*

आम्हाला मराठीला एक कादंबरी होती. माळावरच्या गावातली तानी नावाची मुलगी वाढते, हट्टानं शिकते, आणि शेवटच्या पानावर नर्सिंग शिकायला शहराच्या एस्टीत बसते. बस सुटते. कादंबरी संपते!

मॅडम म्हणाल्या, "यावर निबंध आणलात तर मी वाचणार नाही. तुमचे निबंध मला पाठ आहेत. माझ्याच नोट्स असतात त्या! काहीतरी करून दाखवा."

पद्मा म्हणाली, "व्हरांड्यात टपालपेटी ठेवू. सगळ्यांनी तानीला पत्रं टाकायची. आपण तानी होऊन उत्तरं द्यायची."

आमचा ग्रुप तिघींचा. पेटी पद्मानं करायची, उत्तरं दोघींनी लिहायची. मला काम मिळालं पत्रं उघडून तारखेप्रमाणं लावायचं. टाकीपाशी ऐकलेलं असल्यामुळं मी का म्हणून विचारलं नाही. पण मला हवं होतं एकच. तानीचं एक तरी उत्तर माझ्या हातचं असावं.

*

पद्माचे वडील चादरींचं सूत रंगवायचे. तिनं घरून उरलेला लाल रंग आणला आणि पेटीला फासला. पेटी काय दिसत होती! पोस्टाच्या पेटीनं लाजावं.

पण तो रंग उकळत्या पाण्यातल्या सुतासाठी. पुठ्ठ्यावर तो बसलाच नाही. पेटीला हात लावला की बोटं लाल!

"कादंबऱ्या बायकांनी वाचाव्यात" म्हणणारी मुलं दोन दिवसांत खिशात हात घालून फिरायला लागली. आणि तिसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज घेऊन प्राचार्यांकडं गेले. त्यांनी सही केली. अर्जावर सहीशेजारी त्यांचा अंगठा उमटला. लाल!

*

पत्रं एकेक अशी यायची, की तानी खरीच कुठंतरी बसलीय असं वाटावं.

टेंभुर्णीकडच्या एकानं लिहिलं, "तानीताई, गाडी फेल झाली तर घाबरू नको. टेंभुर्णीला उतर. माझा मामा तितं कंट्रोलर हाय. नुसतं माझं नाव सांग."

दुसऱ्यानं सरळ मागणीच घातली. "स्वयंपाक येतो का ते कळवावे."

शकिलानं उलट टपाली उत्तर दिलं, "येतो. आपल्याला भांडी घासता येतात का ते कळवावे."

त्यानं कळवलं नाही.

*

घरी भाकरी थापताना मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, ती गोष्ट रोज थोडी सांगायचे. त्या चुलीपाशी बसून भाकरी भाजत ऐकायच्या. शेवट ऐकून त्यांचा हात थांबला.

"म्हंजे? पोचली का न्हाय पोरगी?"

"ते लिहिलेलं नाही, आत्याबाई."

"आन् आयला कागद धाडला का न्हाय?"

"तेही नाही."

तव्यावरची भाकरी करपली तरी त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिवणाऱ्याला लेक नसंल."

*

मग एक पत्र आलं, एका ओळीचं. "आईची आठवण आली की तू काय करतेस?"

पद्मानं लिहिलं, "मी अभ्यासात मन रमवते."

शकिला हसायलाच लागली. "झूट है ये! अभ्यासात कुणाचं मन रमतं गे?"

"मग तू लिही."

शकिलानं पेन चावलं. दोघीही रोज आईच्या हातचा डबा आणणाऱ्या. काय लिहिणार? पत्र तसंच माझ्या गठ्ठ्यात राहिलं. मी ते घरी नेलं आणि उत्तर लिहिलं:

"आमच्या घरी दिवस मावळताना शेळ्या माळावरून परत यायच्या आणि मी त्या बांधायचे. इथं त्या वेळी गिरणीचा भोंगा होतो. पहिले काही दिवस भोंगा झाला की मी दाराशी येऊन उभी राहायचे. आता येत नाही. पण हात अजून दोर शोधतात."

सही केली, 'तानी'. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन ते उत्तरांत सारलं.

पद्मानं ते दोनदा वाचलं. "अक्षर मुद्दाम बदललंय. मॅडमनीच लिहिलं असणार!"

शकिला म्हणाली, "आणि कोण? त्यांचं लग्न झालं नाही ना, म्हणून सुचतं!"

मी तारखा लावत राहिले.

*

शेवटच्या दिवशी पेटी वर्गात आणली. बाकांवर जागा नव्हती, मुलं खिडक्यांत बसली होती. मॅडमनी नियम केला, की शेवटच्या पत्राचं उत्तर लिहायचं नाही, उभं राहून द्यायचं.

पद्मानं पत्र वाचलं. "तानी, सुटीत घरी गेलीस तर तुला तुझं घर पहिल्यासारखं मिळेल का?"

"मिळेल की!" पद्मा म्हणाली. "घर कुठं जातंय?"

शकिला म्हणाली, "नाही मिळणार. शहरात राहून हीच बदलली असेल. तिलाच करमणार नाही."

अर्धा वर्ग इकडं, अर्धा तिकडं. बाकं बडवणं सुरू झालं. मॅडम म्हणाल्या, "दोघींचंही पुस्तकी वाटतंय. अजून कुणी?"

मी दिवाळीला लग्नानंतर पहिल्यांदा माळशिरसला, माहेरी जाऊन आले होते. चार दिवस राहिले होते.

मी उभी राहिले. शकिलानं दचकून माझ्याकडं बघितलं. वर्गात माझा आवाज बहुतेकांनी हजेरीपलीकडं ऐकलेला नव्हता, त्यामुळं बाकं आपोआप थांबली.

"घर मिळेल," मी म्हणाले. "आई दारात उभी असेल. शेळ्यासुद्धा ओळखतील. पण आई पाणी देईल ते पाहुण्यांच्या पेल्यातून."