दाणीसाहेबांचा शेरा

दाणीसाहेब इंग्रजी पत्र दोनदा वाचत. एकदा चष्मा लावून, एकदा चष्मा काढून. "आधी काय लिहिलंय ते बघायचं, पगारे. मग काय सांगायचंय ते. त्याला चष्मा लागत नाही."

नाशिकरोडच्या एका कारखान्याच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. चौऱ्याहत्तर साली मी तिथे कारकून म्हणून लागलो. आमच्या घरातला मी पहिला बी.ए. वडील मालधक्क्यावर हमाल. माझं इंग्रजी पुस्तकातलं, त्यामुळे छापलेलं ते सगळं मला खरं वाटे. धाकट्या भावाच्या अर्जाला हेड ऑफिसकडून 'योग्य वेळी जरूर विचार करू' असं उत्तर आलं, तेव्हा मी कचेरीत पेढे वाटले. दाणीसाहेबांनी पेढा सावकाश खाल्ला. म्हणाले, "पेढा छान आहे. भावाला दुसरीकडे अर्ज करायला सांग."

पुढे त्यांनी मला सगळं शिकवलं. साहेब 'इनडिस्पोज्ड' आहेत, म्हणजे काल त्यांना जास्त झाली. अमक्याच्या 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड', म्हणजे त्याला हाकलला. मी म्हणायचो, "सरळ का लिहीत नाहीत?" त्यावर ते हसत. "इंग्रज जाताना आपल्याला गादी देऊन गेला रे. सुई टोचायची तर ती गादीत ठेवून टोचायची. बसणाऱ्याला कळतं, बघणाऱ्याला दिसत नाही."

माणूस मायाळू होता, हे मी आजही नाकारणार नाही. त्या कचेरीत माझ्या डब्यातली भाकरी मागून खाणारे ते एकटेच. बाकीचे डबा उघडायच्या वेळी खुर्ची जरा पलीकडे सरकवत. दाणीसाहेब माझ्याच टेबलाशी बसत आणि म्हणत, "तुझ्या आईच्या ठेच्यापुढे आमच्या घरचं सगळं पथ्याचं."

तीन वर्षांत सेक्शनची सगळी पत्रं मी लिहू लागलो. खाली सही त्यांची.

अठ्ठ्याहत्तर साली हेड ऑफिसात वरच्या सहायकाची जागा निघाली. निवड व्हायची ती गोपनीय अहवालावर. अहवालावर सही मोठ्या साहेबांची असे, पण आतला शेरा दाणीसाहेबच लिहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्यासमोर लिफाफा बंद केला, लाख वितळवून त्यावर शिक्का दाबला आणि म्हणाले, "तूच घेऊन जा. दुसऱ्याच्या हाती नको." मी तो शर्टाच्या आत ठेवला आणि सायकलवरून पोचवून आलो. वडिलांनी तोवर मालधक्क्यावर सांगूनही टाकलं होतं, "पोरगं साहेब होतंय."

जागा दुसऱ्याला गेली. दाणीसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वरून दबाव आला रे. मी भरभरून लिहिलं होतं."

वडील म्हणाले, "काय चुकलं रं तुझं?" त्यानंतर त्यांनी मालधक्क्यावर माझा विषय काढला नाही. दोन वर्षांनी ते वारले. मीच कुठेतरी कमी पडलो, असं धरूनच गेले.

बढती मिळाली ती सत्त्याऐंशीत, निव्वळ ज्येष्ठतेने. हेड ऑफिसात जुन्या अहवालांचं कपाट माझ्या ताब्यात आलं. माझी फाईल काढायला मला दोन मिनिटं लागली. 'सिन्सिअर अँड ओबीडियंट. बेस्ट सूटेड टू हिज प्रेझेंट ड्यूटीज.' अक्षर दाणीसाहेबांचं. प्रामाणिक, आज्ञाधारक, आहे त्याच कामाला उत्तम. ज्याला जागचा हलू द्यायचा नाही, त्याला हे लिहायचं. आम्ही दोघांनी मिळून हाच शेरा दुसऱ्या कितीतरी जणांना लावला होता. कच्चा मजकूर माझा असे. तेव्हा मला त्यात गंमत वाटायची.

ओळ कागदावर उतरवून मी पंचवटीत त्यांच्या घरी गेलो. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. काकू म्हणाल्या, "पगारे, किती दिवसांनी," आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी कागद पुढे केला. दाणीसाहेबांनी तो एकदाच वाचला.

"इट वॉज इन द इंटरेस्ट ऑफ द सेक्शन."

"मराठीत सांगा, साहेब. वडिलांनी मराठीत विचारलं होतं."

ते बराच वेळ कागदाच्या घड्या घालत राहिले. "मराठीत ते फार वाईट दिसतं रे."

मग मीच सांगितलं. "मी गेलो असतो तर तुमची पत्रं कोण लिहिणार होतं. एवढंच ना? म्हणून मला तिथेच बांधून ठेवलात. आणि लिफाफाही माझ्याच हाती दिलात."

"हळू बोल," ते म्हणाले. "आत ही आहे."

नाही म्हणाले नाहीत. काकू चहा घेऊन आल्या. मी उभं राहून काकूंना वाकून नमस्कार केला. साहेबांना केला नाही.