भाऊजींचे कडवे वाल

पृथ्वीवरची शेवटची पंगत बसली, तरी वाढप्याला अडवून "हे बी कुणाचं?" असं विचारणारा एक माणूस तिथे असेलच, आणि तो म्हणजे आमचे मोठे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात. भाऊजी इथे, हिंदी मुलखात, वैशाली नगरमधल्या आपल्या गच्चीवर गेले ते उतरलेच नाहीत. ऊन वाढणार, पाऊस फसवणार, तेव्हा ज्याच्याकडे स्वतःचं बी तोच जेवणार, हे ते भाजीवाल्या भैयालाही ऐकवत आणि मग त्याच्याचकडून कोथिंबीर घेत, कारण गच्चीवरची माकडांनी खाल्लेली असे. तांदूळ फार पाणी पितो म्हणून घरात भात बंद. आमच्याकडे मात्र दोनदा घेत. "भाऊजी, हा पाणी पीत नाही वाटतं?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या घरचं पाप तुझ्या माथी. वरण वाढ."

या सगळ्या खटाटोपाचं मूळ म्हणजे सासूबाईंनी रोह्याहून आणून दिलेले मूठभर कडवे वाल. गावात ते बी आता कुणाकडेच उरलेलं नाही. भाऊजी दर हिवाळ्यात ते पिकवत आणि एक दाणा कुणाला खाऊ देत नसत. जाऊबाई म्हणत, "मी मेल्यावर तेराव्याला तरी बिरडं करा."

एका गणपतीत त्यांनी आरतीला आलेल्या प्रत्येकाच्या हातात पुडी ठेवली. "पेरा," म्हणाले. मराठी घरात वाल देऊन पेरा म्हणायचं, म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगायची. आमचं बिरडं उत्तम झालं. त्या हिवाळ्यात पिकलेलं स्वतःचं बी या शहाण्यानं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. ऊन वाढणार हे जगाला सांगत फिरले. ते आपल्याही पत्र्यावर पडेल, हे काही सुचलं नाही. उन्हाळाभर बी भाजून निघालं. पुढच्या हिवाळ्यात पेरलेल्यातला एक दाणा उगवला नाही.

मग पुड्या परत मागत दारोदार फिरले. सगळीकडे एकच उत्तर: छान लागले हो. उरल्या समोरच्या शर्माभाभी. त्यांनी ते बी फाटकाशी पेरलं होतं. यंदाही वेल वर चढला होता आणि वाळक्या शेंगा लटकत होत्या. भाऊजींनी एक शेंग सोलली, दाणे तळहातावर घेतले आणि बघतच राहिले.

"ले जाइए भाईसाहब, जितने चाहिए," भाभी म्हणाल्या. "वैसे, इसे खाते भी हैं क्या?"

अन्नावर इतकी व्याख्यानं दिलेला माणूस दाणे रुमालात बांधू लागला. मग म्हणाला, "नहीं भाभीजी. बस, फूल अच्छे आते हैं."

मी शेजारीच उभी होते. मीही मान डोलावली. हल्ली त्या फाटकावरून जाताना माझाही पाय अडतो. शेंगा भरल्यात का तेवढं बघते. हात लावत नाही.