गाळलेली बातमी
ताज्या पेपरच्या शाईचा वास आला की हिंदी मुलखातल्या आमच्या बुढापारा मोहल्ल्यातली लहानपणची ती सकाळ आठवते. बाबा बीरगावच्या लोखंडाच्या कारखान्यात होते. ड्युटीवर निघण्याआधी ते मला शेजारी बसवून हिंदी पेपर वाचायचे, तोही वाचता वाचता मराठी करून. त्या दिवशी मध्येच त्यांचा आवाज अडखळला आणि त्यांनी घाईनं पान उलटलं. "बाबा, ते काहून सोडलं?" "काही नाही, जाहिरात हाये." मला ते पटेना. साबणाची जाहिरातसुद्धा ते कधी सोडत नसत. डबा घेऊन ते निघाले तशी मी पान उघडलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं: 'भट्ठी में धमाका, दो मजदूर झुलसे.' झुलसे म्हणजे भाजले, एवढं हिंदी मला येत होतं. खाली त्यांच्याच कारखान्याचं नाव होतं. दारात धावले, तोवर त्यांची स्कूटर गल्लीतून वळली होती. संध्याकाळी ते परतेपर्यंत मी उंबऱ्यावरून हलले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून पेपर त्यांच्याआधी मी उघडायला लागले. आता माझी मुलगी शेजारी बसते. एखादी बातमी गाळून मी पुढे वाचत जाते. तिचं बोट मात्र त्याच ओळीवर थांबलेलं असतं.