जीवराम आबांची निगेटिव्ह

आमच्या चाळीसगावात झुलालनानांना येडं म्हणणाऱ्यांत पहिला नंबर माझा. त्यांच्या स्टुडिओला लागूनच माझं फ्लेक्सचं दुकान. मी अर्ध्या तासात वीस फुटी दादा, भाऊ, साहेब छापून देतो. हा बाबा एका फोटोला दोन दिवस लावतो. मोबाइलातला फोटो कंप्युटरवर उलटवायचा, म्हणजे काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. मग इंकजेट प्रिंटरनं तो पारदर्शक फिल्मवर छापायचा. झाली निगेटिव्ह. ती फोटोच्या कागदावर काचेखाली दाबून उजेड द्यायचा आणि अंधाऱ्या खोलीत कागद धूत बसायचं. "अहो नाना, प्रिंटर आहे ना? मग सरळ फोटोच छापा की!" म्हटलं, तर म्हणे, "तुझी शाई उन्हात उडते. माझा काळा रंग नातवंडं बघतील." घ्या!

गेल्या महिन्यात जवळच्या खेड्यातले जीवराम आबा वारले. रंगानं काळेकुट्ट, मिशा पांढऱ्याशुभ्र, अंगात कायम पांढरा सदरा. त्यांची बायको द्रौपदाबाई मोबाइलातला त्यांचा एकुलता एक फोटो घेऊन नानांकडे आली. "माले त्या जशा व्हतात तशाच पाहिजेत," नवरा होता तसाच हवा, एवढंच अहिराणीत बोलली आणि रडायला लागली.

सोबत मुलगा प्रेमराज. त्याला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. तो नानांच्या कानाशी लागला, "आबांना जरा उजळ करा ना. बॅनरवर बरं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर वाळत होती. गडी बघतच राहिला. बाप गोरापान! मिशा काळ्याभोर! सदऱ्याचा काळा कोट झालेला, तो वरून फुकट. "नाना, आता हात लावू नका, हेच फायनल!" म्हणत त्यानं मोबाइलात फोटो काढला आणि थेट माझ्याकडे आला. मागून नाना ओरडतायत, "अरे, ती निगेटिव्ह आहे!" मलाही कळत होतं हो. पण गिऱ्हाईक म्हणालं छाप, मी छापलं. बुबुळं तेवढी पांढरी दिसत होती. प्रेमराज म्हणाला, गॉगल लाव. लावला. खाली प्रेमराजचा फोटो, बापापेक्षा मोठा.

दशक्रियेला बॅनर लागलं. लोक म्हणाले, वा, काय रुबाब! एकानं तर स्वतःच्या जित्या बापासाठी माझा नंबर घेतला. द्रौपदाबाईला कुणीतरी धरून बॅनरसमोर आणलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हाऊ कोन शे?"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दशक्रियेला आलेल्या नानांनी पुढे होऊन पिशवीतून हाताएवढा फोटो काढून तिच्या हाती दिला. काळेकुट्ट आबा, पांढऱ्या मिशा, कपाळावरची आठीन्‌आठी जागच्या जागी. बाईनं तो गालाला लावला. मग इकडेतिकडे बघत पटकन पदराखाली घातला.

"प्रेमराजले दखाडू नका, नाना," ती हळूच म्हणाली. "तो यासले परत गोरा करी."