बंडोपंत गुरुजींची झडती

बंडोपंत गुरुजींचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. वडनेरच्या शाळेत टकळीवर सूत कातायचा तास संपला की ते दारात उभे राहून पोरांचे खिसे झाडत. कापूस चोरीला जातो, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. पहिला खिसा रोज प्रेमदासचा. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गुरुजींना त्यातही काहीतरी काळंबेरं दिसे. शिवाय त्याचंच सूत नेमकं कमी भरे. खिशात मात्र कधी काही सापडलं नाही, म्हणून तर संशय आणखी वाढला!

एकदा गुरुजी मुद्दाम वर्गाबाहेर गेले आणि खिडकीआड दबा धरून बसले. गावच्या मालगुजारांचा, म्हणजे जमीनदारांचा पुरुषोत्तम उठला, प्रेमदासची सुताची गुंडी त्यानं हिसकावली आणि सरळ स्वतःच्या दप्तरात टाकली. पोरं खिदळली.

गुरुजी तणतणत आत आले. "प्रेमदास, अरे, मला सांगितलं का नाहीस?"

उत्तर पुरुषोत्तमनं दिलं, तेही बिनधास्त.

"त्यानं सांगतलं असतं, तरी तुमी त्याचेच खिसे झाडले असते ना, गुरुजी."