शेवटची स्लाइड

तलासरीच्या एका पाड्यावर मी शिक्षक होतो तेव्हाची, २०१७च्या आसपासची गोष्ट. 'शाळा डिजिटल करा' असा वरून धोशा होता. गावाने वर्गणी काढून प्रोजेक्टर दिला, पण त्यावर दाखवायचं काय, ते कुणीच दिलं नाही. मग शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येईल ते आम्ही उतरवून घ्यायचो. कुणी कुणाला विचारत नसे आणि त्यात गैरही काही नव्हतं. गैर केलं ते मी.

आशागडकडच्या एका बाईंनी पहिलीसाठी स्लाइड्स टाकल्या होत्या. आधी चित्र दिसायचं, मग त्याला वारली बोलीत काय म्हणतात ते मुलांच्याच आवाजात ऐकू यायचं आणि शेवटी मराठी शब्द यायचा. एरवी तोंड न उघडणारी माझ्या वर्गातली पोरं ते ऐकून बाकांवर उभी राहिली. त्याच आठवड्यात डहाणूच्या कार्यशाळेत 'स्वतः तयार केलेलं साहित्य' मांडायला माझं नाव गेलं. स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात नावंबिवं होती. न वाचताच ती उडवली आणि पहिल्या स्लाइडवर माझं आणि शाळेचं नाव घातलं. आयत्या बिळावर नागोबा! बाईंना मी कधी पाहिलंही नव्हतं. कोण विचारतंय, असं वाटलं.

सभागृहात मोठे स्पीकर होते. पाचव्या चित्राला मुलाच्या आवाजामागून एक बाई हळूच म्हणाल्या, "शाबास, परत म्हण." माझ्या मोबाइलवर हे कधी ऐकूच आलं नव्हतं.

कार्यशाळेला आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं, "या कोण?"

"आमच्या अंगणवाडीच्या बाई," मी म्हणालो. इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं. टाळ्याही पडल्या.

चहाच्या रांगेत मागून कुणीतरी विचारलं, "सर, शेवटची स्लाइड उघडली नाही का तुमच्याकडे?" वळायच्या आधीच मी आवाज ओळखला. कानशिलं तापली. त्याच पुढे म्हणाल्या, "जुन्या कॉम्प्युटरवर होतं असं कधी कधी."

माझी लाज राखायला त्यांनी एक वाट ठेवली होती आणि मी निर्लज्जासारखा त्याच वाटेने निघालो. "हो ना मॅडम, उघडलीच नाही."

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. 'सर, जुन्या कॉम्प्युटरवर चालेल अशी करून पाठवतेय. आता उघडेल. मुलांना सांगितलंय, तुमची नावं तलासरीची मुलं वाचणार म्हणून.'

मी ती स्लाइड उघडली. एकाखाली एक अकरा मुलांची नावं होती. बाईंचं नाव कुठेच नव्हतं. दिवसभर मी समजत होतो, बाईंचं नाव खाल्लं. खाल्ली होती ती पहिलीतल्या पोरांची. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं.